हरवलेली सभास्थाने आणि स्थलनामांची साक्ष : खापरखेडा परिसराच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना

मध्ययुगीन महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेचा अभ्यास करताना गोतसभा, मजालस, पांढरी, थळ आणि महजर या संज्ञा पदोपदी भेटतात. या संस्थांचे अधिकार, त्यांची कार्यपद्धती व त्यांनी दिलेले निवाडे यांविषयी विपुल लेखन झालेले आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (१९१५) हा ग्रंथ ग्रामसंस्थेचे अंतरंग उलगडतो. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या प्रबंधात (१९५३) मूळ कागदपत्रांच्या आधारे गोतसभेची सविस्तर मांडणी केली. तथापि या सभा नेमक्या कोठे भरत होत्या, हा साधा प्रश्न या सर्व अभ्यासात बराचसा दुर्लक्षित राहिला आहे. सभेत कोण बसले, कोणी साक्ष दिली व निवाडा काय झाला, हे कागद सांगतात. ज्या जमिनीवर ती माणसे बसली ती जमीन मात्र अभ्यासकांच्या नजरेआड गेली.

लुप्त सभास्थानांचा शोध स्थलनामांच्या आधारे घेण्याची पद्धत युरोपात चांगली रुजली आहे. ती महाराष्ट्रात कितपत उपयोगी पडेल आणि तिच्यात कोणते बदल करावे लागतील, याची चिकित्सा करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील खापरखेडा व त्याचा परिसर हे उदाहरण घेतले आहे. औष्णिक वीज केंद्र व कोळसाखाणी यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या नावातच पुरातत्त्वाचा एक दुवा दडलेला असण्याची शक्यता आहे. त्याचबरोबर, अशी नावे किती वेगाने नाहीशी होऊ शकतात, याचेही हा परिसर बोलके उदाहरण आहे.

१. युरोपातील पद्धत आणि तिचा पाया

उत्तर युरोपातील स्कँडिनेव्हियन समाजांत स्वतंत्र पुरुषांच्या सभेला 'थिंग' अशी संज्ञा होती. आइसलँडमधील 'थिंगवेलिर' या नावाचा अर्थच 'सभेची मैदाने' असा होतो. तेथे इ. स. ९३० पासून देशाची सर्वोच्च सभा भरत असे आणि १७९८ पर्यंत ती त्या जागी भरत राहिली. हेच नाव बदललेल्या रूपांत इतरत्र आढळते. शेटलंड बेटांवरील 'टिंगवॉल', आइल ऑफ मॅनमधील 'टिनवाल्ड' आणि स्कॉटलंडमधील 'डिंगवॉल' ही सर्व एकाच मूळ शब्दाची अपत्ये होत. भाषा बदलली, सत्ता बदलल्या, सभा बंद पडल्या, तरी नाव टिकून राहिले. त्या नावाच्या आधारे अभ्यासकांनी जागेचा माग काढला.

इंग्लंडमधील शेरवुड जंगलातील 'थिंगहाऊ' या टेकडीची कथा या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्थानिक इतिहासाच्या हौशी अभ्यासकांना १८१६ च्या एका सीमाफेरीच्या कागदात हे नाव आढळले. त्यांनी त्या कागदातील वर्णनानुसार सीमा पायी फिरून टेकडी निश्चित केली. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, ते नाव कोणत्याही गावाचे नव्हते. ते जंगलातील एका लहानशा उंचवट्याचे नाव होते. दुसरी अशी की, ते नाव राजकीय इतिहासाच्या ग्रंथात टिकले नव्हते, तर शिवारफेरीच्या नोंदीत टिकले होते.

या पद्धतीचा पाया एका गृहीतावर उभा आहे. सभा एका ठरलेल्या जागी, पिढ्यान्‌पिढ्या भरत होती आणि त्या जागेला सभेवरूनच नाव मिळाले होते, हे ते गृहीत होय. महाराष्ट्रात ते जसेच्या तसे लागू पडते काय, हा खरा प्रश्न आहे.

२. महाराष्ट्रातील सभा : फिरते स्थान, स्थिर समूह

दक्षिण भारतातील तमिळ प्रदेशात सभेचे स्थान शिलालेखांनीच सांगितलेले आहे. उत्तरमेरूर येथील चोळ राजा परांतक पहिला याच्या काळातील इ. स. ९१९ व ९२१ चे लेख ग्रामसभेच्या समित्यांची निवड कशी करावी, याचे नियम देतात. ते लेख मंदिराच्या भिंतीवर कोरलेले आहेत. तेथे सभा, तिचे नियम व तिची वास्तू यांची साक्ष एकाच दगडात मिळते. महाराष्ट्रात असा योग सहसा येत नाही. वाकाटकांच्या ताम्रपटांत ग्रामकुटुंबी आणि राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत महत्तर यांचा उल्लेख येतो. म्हणजे गावातील प्रमुख मंडळींना उद्देशून राजाज्ञा काढली जाई. परंतु ही मंडळी कोठे जमत, याविषयी ताम्रपट मौन पाळतात.

सतराव्या व अठराव्या शतकांतील मराठी कागदांत चित्र अधिक स्पष्ट होते. वतनाचा, सीमेचा किंवा वडीलकीचा तंटा उभा राहिला की गोत जमे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, चौगुला, शेटे-महाजन आणि बलुतेदार एकत्र बसत. निवाड्याचा महजर होई व त्यावर उपस्थितांच्या निशाण्या पडत. पाटलाची निशाणी नांगर असे. स्थानिक गोताबद्दल पक्षकाराच्या मनात संशय असला तर तंटा 'परस्थळी' नेला जाई. म्हणजे दुसऱ्या गावाच्या किंवा परगण्याच्या गोतासमोर तो मांडला जाई. कागदांतील 'थळ' ही संज्ञा याच व्यवहाराशी निगडित आहे. शब्द मूळचा 'स्थळ' असला तरी कागदांत त्याचा अर्थ निव्वळ जागा असा राहत नाही. निवाडा करण्यास बसलेली सभा आणि तिचे ठिकाण हे दोन्ही अर्थ त्यात एकवटतात.

यावरून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. महाराष्ट्रात सभेची जागा गरजेनुसार बदलू शकत होती, किंबहुना निःपक्षपातासाठी ती बदलणे हाच न्यायाचा भाग मानला जाई. दिव्य करावयाचे असल्यास देवालय किंवा नद्यांचा संगम निवडला जाई. गावापुरता प्रश्न असल्यास चावडी, मारुतीचे देऊळ अथवा वडा-पिंपळाचा पार पुरे. त्यामुळे 'सभेचे मैदान' अशा अर्थाचे एकच ठसठशीत नाव येथे शोधू लागल्यास पदरी निराशा येण्याचीच शक्यता अधिक.

याचा अर्थ स्थलनामे निरुपयोगी आहेत, असा मात्र नव्हे. मराठीतील 'पांढरी' हा शब्द या संदर्भात अत्यंत मोलाचा आहे. काळी म्हणजे शेतजमीन व पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, हा भेद सर्वपरिचित आहे. पण जुन्या कागदांत 'समस्त पांढरी' असे म्हटले की त्याचा अर्थ गावातील सर्व वतनदार व रहिवासी, म्हणजेच निर्णय घेणारा समूह असा होतो. जमीन आणि सभा यांना एकच नाव देणारा हा शब्द आहे. राख, शेण, चुना व मोडक्या भिंतींची माती शतकानुशतके साठून वस्तीची जमीन पांढुरकी होते. म्हणूनच उजाड झालेल्या गावांची टेकाडे लोक आजही 'पांढरी' किंवा 'पांढरीचे टेकाड' या नावाने ओळखतात आणि पुरातत्त्वज्ञ त्या नावाच्या वाटेने प्राचीन वसाहतींपर्यंत पोहोचतात. महाराष्ट्रातील सभास्थानाचा शोध या शब्दापासून सुरू व्हावयास हवा.

३. खापरखेडा : एका नावाचे वाचन

नागपूरच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, कोलार नदीच्या सान्निध्यात खापरखेडा वसले आहे. कोलार पुढे कन्हानला मिळते. पेंच व कन्हान यांचेही पाणी याच टापूत एकत्र येते आणि बिना येथील संगम या परिसरात परिचित आहे.

'खापरखेडा' या नावाचे दोन घटक स्पष्ट आहेत. 'खापर' हा शब्द संस्कृत 'कर्पर' वा 'खर्पर' यापासून प्राकृत 'खप्पर' या रूपाने मराठीत आला. मातीच्या भांड्याचा तुकडा असा त्याचा अर्थ आहे. 'खेडा' हा 'खेट' वा 'खेटक' यापासून आलेला असून त्याचा रूढ अर्थ लहान गाव असा होतो. जुन्या मध्यप्रांतात मात्र या शब्दाला आणखी एक छटा होती. उत्तरेकडील बोलींत 'खेडा' म्हणजे उजाड गावाचे टेकाड असाही अर्थ आहे. मध्यप्रांतातील 'खेरमाता' ही ग्रामदेवता गावाच्या मूळ वस्तीस्थानाशी जोडलेली असे. नागपूरचा मुलूख मराठी व हिंदी यांच्या सीमेवरचा असल्याने ही छटा येथे अशक्य म्हणता येत नाही.

या अर्थाने वाचल्यास 'खापरखेडा' म्हणजे 'खापऱ्या सापडतात ते जुने वस्तीस्थान' असे होते. नवी वस्ती करणाऱ्यांना जमिनीत जुनी खापरे सापडली आणि त्यांनी त्यावरून गावाला नाव दिले, ही कल्पना सहज सुचते. ती आकर्षक आहे, म्हणूनच तिची काटेकोर तपासणी व्हावयास हवी. पहिली शंका अशी की, खापर हा कुंभारकामाशीही निगडित शब्द आहे. कुंभारांच्या वस्तीवरून असे नाव पडणे तितकेच शक्य आहे. दुसरी शंका अशी की, विदर्भात या नावाची आणखीही गावे आहेत. नाव वारंवार येत असल्यास ते वर्णनपर असण्याचा संभव वाढतो, परंतु वर्णन नेमके कशाचे, हे त्यावरून ठरत नाही. तिसरी शंका व्युत्पत्तीच्या पलीकडची आहे. खापरांवरून जुनी वस्ती सिद्ध झाली, तरी तेथे सभा भरत होती हे सिद्ध होत नाही. वस्ती ही सभेची पूर्वअट आहे, पुरावा नव्हे.

म्हणून खापरखेडा हे सभास्थानाचे नाव आहे, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ते शोध कोठे घ्यावा, याचे दिशादर्शक नाव आहे, एवढेच साधार म्हणता येते. ही मर्यादा मान्य केल्यावरच परिसरातील इतर नावांकडे वळणे योग्य होय.

४. परिसरातील नावे आणि फसवी साम्ये

खापरखेड्याजवळच पाटणसावंगी हे गाव आहे. त्यातील 'पाटण' हा घटक 'पत्तन' म्हणजे नगर या शब्दाशी नाते सांगतो. 'खेडा' आणि 'पाटण' ही दोन नावे शेजारी ठेवली की वसाहतींची उतरंड दिसू लागते. अनेक गावांच्या मंडळींना एकत्र आणणारी सभा भरत असल्यास ती खेड्यात भरली असण्यापेक्षा बाजारपेठ व अंमलदाराचे ठाणे असलेल्या गावी भरली असण्याचा संभव अधिक. त्यामुळे गावपातळीची सभा खेड्याच्या पांढरीत आणि परगण्याची सभा पाटणाच्या आसपास शोधावी, असे सूत्र या दोन नावांवरून मांडता येते.

याच जिल्ह्यातील पारशिवनीचे नाव मात्र अभ्यासकाला सावध करणारे आहे. 'पार' म्हणजे झाडाभोवतीचा ओटा. गावची मंडळी तेथे बसतात आणि निर्णयही तेथेच होतात. त्यामुळे 'पार' हा शब्द दिसताच सभास्थान सापडले, असे वाटण्याचा मोह होतो. पण 'पार' म्हणजे पलीकडचा काठ असाही अर्थ आहे. 'शिवनी' हा घटक शिवण या वृक्षावरून, शीव म्हणजे सीमेवरून किंवा शिव या दैवतावरून आला असण्याची शक्यता आहे. जुन्या लेखी रूपाचा आधार मिळेपर्यंत यांपैकी एकाची निवड करणे म्हणजे आपल्या आवडीला पुरावा मानणे होय.

नागपूर शहरातील 'सदर' हे नाव याहून फसवे आहे. गडावर किंवा वाड्यात जेथे बसून कारभार चाले, त्या जागेला मराठीत सदर म्हणतात. त्यामुळे नागपुरातील सदर ही भोसलेकालीन सभेची जागा असावी, असा समज सहज होऊ शकतो. वस्तुतः हे नाव इंग्रजी अंमलातील सदर बाजाराच्या परंपरेतील आहे. शब्द तोच, परंतु संस्था वेगळी. याउलट इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही नावे एका वेगळ्या प्रकारच्या जमावाची खरी आठवण जपून आहेत. आठवडी बाजाराच्या दिवशी पंचक्रोशीतील माणसे एकत्र येत, दवंडी पिटली जाई, देणीघेणी होत, तंट्यांची वाच्यता होई. बाजाराचे स्वरूप बदलले तरी वाराचे नाव मोहल्ल्याला चिकटून राहिले. लोकांच्या एकत्र येण्याने जागेला नाव मिळण्याचे हे नागपुरातील सर्वांत बोलके उदाहरण असताना, स्थलनामांच्या चर्चेत त्याकडे फारसे गांभीर्याने पाहिले जात नाही.

५. मराठी स्थलनामाभ्यासाची दिशा : एक टीका

मराठीत स्थलनामांच्या अभ्यासाची परंपरा मोठी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'महाराष्ट्राचा वसाहतकाल' या निबंधात व आपल्या व्युत्पत्तिविषयक लेखनात ग्रामनामांना इतिहासाचे साधन मानले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरात राहून वाकाटकांच्या लेखांचे जे संपादन केले (१९६३), त्यात ताम्रपटांतील गावे आजच्या नकाशावर शोधण्याचा चिकाटीचा प्रयत्न आहे. प्रभावतीगुप्तेच्या ताम्रपटातील दंगुण हे गाव म्हणजे हिंगणघाट, ही त्यांची ओळख सुप्रसिद्ध आहे. अशी ओळख पटवताना ते केवळ ध्वनिसाम्यावर थांबत नाहीत. ताम्रपटात चतुःसीमा म्हणून दिलेली शेजारची गावेही जुळतात काय, हे ते पाहतात. एका नावाचे साम्य योगायोग असू शकते. चार नावांची मांडणी जुळणे हा योगायोग सहसा नसतो.

नावाला मातीची साक्ष कशी मिळते, याचे उत्तम उदाहरण रामटेकजवळील नगरधन हे आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजेच नगरधन, ही ओळख प्रथम नाव व परिसर यांच्या आधारे मांडली गेली होती. २०१५ ते २०१८ या काळात महाराष्ट्र शासनाचे पुरातत्त्व खाते व डेक्कन कॉलेज यांनी तेथे उत्खनन केले. त्यात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली आणि त्या अनुमानाला भक्कम आधार लाभला. नाव, लेख आणि माती या तीन साक्षी एकमेकींना पुष्टी देतात तेव्हाच स्थाननिश्चिती विश्वसनीय ठरते.

या परंपरेचे ऋण मान्य करूनही तिच्या एका मर्यादेकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. हा अभ्यास प्रामुख्याने ग्रामनामांचा राहिला आहे. गावाच्या शिवारातील टेकाडे, माळ, ओढे, पाणवठे, देवांची ठाणी, शेते, वाटा आणि झाडे यांची नावे त्यात क्वचितच आली. सभास्थानाचा प्रश्न मात्र या सूक्ष्मनामांशीच निगडित आहे. 'थिंगहाऊ' हे गावाचे नाव नव्हते, तसेच आपल्याकडील 'जुनी पांढरी', 'चावडीमागचा माळ' किंवा 'पंचांचा पिंपळ' यांसारखी नावेही कोणत्याही गॅझेटियरात सापडणार नाहीत. ती बोलण्यात असतात.

या बाबतीत महानुभाव पंथाच्या ग्रंथकारांनी घालून दिलेला आदर्श आजही अनुकरणीय आहे. चक्रधरस्वामी रामटेकच्या यात्रेस निघाले असता ऋद्धिपूर येथे त्यांची गोविंदप्रभूंशी भेट झाली, हे सर्वश्रुत आहे. 'स्थानपोथी'त चक्रधरस्वामी व गोविंदप्रभू यांच्या वास्तव्याने पावन झालेली स्थाने नोंदविली आहेत. कोणते देऊळ कोणत्या दिशेस, त्याचे दार कोणीकडे, मठ कोठे, झाड कोठे, याचा सूक्ष्म तपशील तीत येतो. उद्देश भक्तीचा आहे, परंतु यादवकालीन गावाची अंतर्गत रचना कळण्यासाठी याहून विश्वसनीय साधन दुर्मीळ. लीळांमधून येणारी चौबारे, पटिशाळा, मढ ही लोकांच्या उठण्याबसण्याची ठिकाणे होती. डॉ. वि. भि. कोलते यांनी हे वाङ्मय साक्षेपाने संपादित करून उपलब्ध करून दिले. तरी विदर्भातील सभास्थानांच्या दृष्टीने त्याचे वाचन अद्याप पुरेसे झालेले नाही.

६. नागपूर प्रांताची कागदपत्रे

पश्चिम महाराष्ट्रातील महजरांसारखे विपुल साहित्य नागपूर भागासाठी अपेक्षिणे योग्य होणार नाही. देवगडच्या गोंड राजांचा अंमल, त्यानंतर भोसल्यांचे राज्य आणि पुढे इंग्रजांनी आणलेली मालगुजारी यांमुळे येथील जमीनव्यवस्थेची घडण वेगळी झाली. रिचर्ड जेंकिन्स यांचा १८२७ चा अहवाल भोसले राज्याच्या कारभाराचे वर्णन करतो, परंतु तो प्रशासकाच्या नजरेतून लिहिलेला आहे. मालगुजारी व्यवस्थेत गावाचा मालक एकच ठरल्याने निर्णयाची जागा पांढरीतून मालगुजाराच्या वाड्यात गेली. सभास्थान विस्मृतीत जाण्याचे हे येथील एक कारण मानावे लागेल.

तथापि याच व्यवस्थेने दोन उपयुक्त दस्तऐवज मागे ठेवले. गावच्या रूढी नोंदविणारा 'वाजिब-उल-अर्ज' आणि सामायिक वापराचे हक्क नोंदविणारा 'निस्तारपत्रक' हे ते होत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्येही या दोहोंना स्थान आहे. चराई, पाणवठे, दहनभूमी, वाटा यांच्या नोंदी करताना त्यांत त्या त्या जागांची स्थानिक नावे येऊ शकतात. थिंगहाऊची टेकडी सीमाफेरीच्या कागदात सापडली. विदर्भातील तशा कागदाचा शोध तहसिलीच्या दप्तरात घेणे म्हणूनच युक्त ठरते.

७. प्रश्नाची निकड

हा विषय केवळ पुराणवस्तूंच्या आवडीचा नाही. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ आणि त्याखालील नियमांनुसार सामूहिक हक्क सिद्ध करताना निस्तारविषयक हक्क, पवित्र वृक्ष, देवराया, तळी, नदीकाठ, दफन व दहनभूमी यांचा पुरावा ग्राह्य धरला जातो. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामागे ग्रामसभेची दीर्घ परंपरा व गोटुलाभोवती टिकून राहिलेले सामूहिक जीवन उभे होते. जेथे जागेचे नाव जिवंत असते, तेथे त्या जागेवरील हक्क सांगणे सोपे जाते.

खापरखेडा परिसरात परिस्थिती नेमकी उलट आहे. १९८९ पासून येथील वीज केंद्राचे संच टप्प्याटप्प्याने सुरू झाले. २०११ मधील पाचशे मेगावॅटच्या संचानंतर त्याची क्षमता १३४० मेगावॅट झाली. कोळसाखाणी, राखेचे बंधारे, वसाहती व रस्ते यांखाली शेकडो शेते गेली. शेत संपादित होते तेव्हा कागदावर फक्त सर्व्हे क्रमांक उरतो. शेताचे नाव शेतकऱ्याबरोबर निघून जाते. पुरातत्त्वीय पांढरी जिच्यामुळे ओळखू येते, ती राखमिश्रित पांढुरकी माती आणि बंधाऱ्यांतील राख यांची सरमिसळ झाल्यास भविष्यातील अभ्यासकाला पृष्ठभागावरून ओळख पटविणेही कठीण होईल. विजेची गरज नाकारण्याचा हा मुद्दा नाही. संपादनाच्या पंचनाम्यात झाडे व विहिरी मोजल्या जातात, तर नावे का नोंदविली जाऊ नयेत, एवढाच प्रश्न आहे.

येथे एक इशाराही आवश्यक आहे. हरवलेल्या सभास्थानांचा शोध म्हणजे हरवलेल्या सुवर्णयुगाचा शोध नव्हे. गोतसभेत सर्वांना समान स्थान नव्हते. स्त्रियांचा आवाज तेथे अपवादानेच पोहोचे. सीमेच्या तंट्यात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई, कारण शिवाराचे ज्ञान त्याच्याजवळ होते. पण त्याच महाराची वस्ती गावकुसाबाहेर होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जी कठोर टीका केली, ती या संदर्भात विसरता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. अपमानाची खूण असलेले नाव पाटीवरून उतरविणे न्याय्यच आहे. परंतु ते दप्तरातूनही पुसले गेले, तर सभेत कोणाला बसू दिले गेले नाही, याचा पुरावाही पुसला जाईल. व्यवहारातील नाव बदलणे आणि अभिलेखातील नाव जपणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. महाराष्ट्रातील मध्ययुगीन सभा एका नावाच्या मैदानाशी बांधलेली नव्हती. त्यामुळे युरोपातील पद्धत येथे जशीच्या तशी वापरता येणार नाही. पांढरी, थळ, पार, चावडी, संगम व आठवडी बाजार या संज्ञांचा एकत्रित मागोवा घ्यावा लागेल. खापरखेडा हे नाव जुन्या वस्तीचा संभाव्य निर्देश करते, सभेचा नव्हे, ही मर्यादा अशा प्रत्येक नावाच्या बाबतीत पाळली गेली पाहिजे. नाव, लेख व माती या तीन साक्षींपैकी निदान दोन जुळल्याखेरीज स्थाननिश्चिती करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अभ्यासाचा भर ग्रामनामांवरून शिवारातील सूक्ष्मनामांवर यावयास हवा.

हे काम एकट्या पुरातत्त्वज्ञाचे किंवा भाषाशास्त्रज्ञाचे नाही. इतिहास, मराठी, भूगोल व समाजशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन महाविद्यालयीन पातळीवर ते हाती घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या वृद्धांबरोबर एकदा शिवारफेरी करून शेते, टेकाडे व पाणवठे यांची नावे नकाशावर उतरविली, तरी काही वर्षांत जिल्ह्याचा सूक्ष्मनामकोश उभा राहू शकेल. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणातील घरांचे मोजमाप होते, परंतु ओट्याचे, पाराचे किंवा टेकाडाचे नाव आकाशातून दिसत नाही. ते सांगणारी पिढी आता वार्धक्यात आहे. तिच्यामागे उरेल तो सर्व्हे क्रमांक, आणि क्रमांकाला विचारून कोणत्याही सभेचा पत्ता लागत नाही.